बाबांच्या कुशीतली नळी

प्रिय भिंगरी,

आधी हे सांगून टाकते की बाबा बरे आहेत. आज सकाळी त्यांनी दाढी केली, पेपर वाचला, पेपरातल्या कुठल्यातरी बातमीवर चिडले आणि मग माझ्याबरोबर आपल्या चष्म्याच्या दुकानापर्यंत चालत आले. दुकानात एका गिऱ्हाइकाला, त्याने विचारलेलं नसताना, चष्म्याची काडी कानावर नेमकी कुठे टेकायला हवी ते समजावून सांगितलं. त्या माणसाने चष्मा न घेताच काढता पाय घेतला. म्हणजे तब्येत अगदी मूळ पदावर आलेली आहे. एवढं लक्षात ठेव आणि मग पुढचं निवांत बसून वाच. घाईत वाचण्यासारखं हे पत्र नाही.

आपलं मायलेकींचं फोनवरचं बोलणं हल्ली कसं झालंय ते तुलाही कळतंय. तू विचारतेस कशी आहेस, मी म्हणते बरी आहे. मग बाबा कसे आहेत, तर तेही बरे आहेत. मग तुमच्याकडे थंडी किती आणि आमच्याकडे किती. बाबा शेजारच्या खुर्चीत पेपराची तीच तीच पानं उलटत असतात, आणि फोन त्यांच्या हातात दिला की तेही थंडीच विचारतात. खरं बोलायचं ते राहून जातं. म्हणून आज दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा घासायच्या मशीनशेजारी बसून लिहायला घेतलं. बाहेरचं मदतनीस बाई बघतेय. मध्येच कुणाची नजर तपासायची वेळ आली तर पेन खाली ठेवावं लागेल, तेवढं सांभाळून घे.

बाबांचं पित्ताशय काढलं हे तुला माहीत आहे. पण त्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं, ते तुला कुणी सलग सांगितलेलंच नाही. दुखणं सुरू झालं तेव्हा आत्या आपल्याकडे राहायला आलेली होती. दुपारी जेवून उठले आणि बाबा खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, पाठमोरे, चौकटीला धरून. आत्याने विचारलं, दादा, काय रे होतंय, तर म्हणाले, काही नाही, जरा जड झालं. आयुष्यभर लोकांच्या पोटावर हात ठेवून निदान करणारा माणूस, पण स्वतःच्या पोटात कळ आली की तिला जडपणा म्हणतो. असं दोनतीनदा झालं. प्रत्येक वेळी काहीतरी तेलकट खाणं, मग खिडकी, मग घाम. शेवटी आत्याच वैतागून म्हणाली, की तुझ्या जागी पेशंट असता तर त्याला तू एव्हाना तीन शिव्या देऊन सोनोग्राफीला पाठवलं असतंस. ते त्यांना पटलं. पित्ताशयात खडे निघाले. बारीक बारीक, पुष्कळ. बाबांनी रिपोर्टचा फोटो उजेडाला धरला आणि दुसऱ्या कुणाचा असावा अशा सुरात म्हणाले, हे काढायला हवं.

काढणार कोण हा प्रश्नच नव्हता. बाबा निवृत्त झाले तेव्हापासून शिडीदादाच त्यांच्या हॉस्पिटलचा मुख्य सर्जन आहे. बाबांच्या हाताखाली शिकायला आला तेव्हा तू एवढीशी होतीस. तो घरी यायचा आणि स्टूल न घेता दिवाणखान्यातला बल्ब बदलायचा, म्हणून त्याला शिडीदादा हे नाव तूच ठेवलंस. आता त्याचे केस पिकलेत, मुलं कॉलेजात गेलीत, तरी आपल्या घरात तो शिडीदादाच आहे आणि त्या नावाला ओ देतो. बाबांसमोर मात्र अजून विद्यार्थ्यासारखाच बसतो, खुर्चीच्या टोकावर.

आता त्या वादाबद्दल लिहायलाच हवं. तू आणि बाबा दोघंही तो झालाच नाही असं दाखवता, पण टेबलाला तिसरी मी होते. मी तुम्हा दोघांसारखी सर्जन नाही. तरी इतकी वर्षं तुम्हा दोघांमध्ये बसून जेवल्यावर एवढं मलाही कळतं, की दुर्बिणीतून पित्ताशय काढलं की पोटावर चार बारीक छिद्रं राहतात, आणि बाबा त्यातल्याच एका छिद्रातून रबराची एक नळी आत ठेवून द्यायचे. आत यकृताखाली रक्त साठलं किंवा पित्त झिरपलं तर ते नळीवाटे बाहेरच्या पिशवीत यावं आणि आपल्याला कळावं, म्हणून. प्रत्येक पेशंटला. ऑपरेशन कितीही सरळ झालेलं असो. वॉर्डातल्या सिस्टर त्यांना पाठीमागे नळीवाले डॉक्टर म्हणायच्या आणि हे त्यांना माहीत होतं. तू मागच्या वेळी आलीस ती तुझा अभ्यास घेऊन. तुझ्या हॉस्पिटलात तुम्ही अर्ध्या पेशंटना नळी ठेवली, अर्ध्यांना ठेवली नाही आणि मग सगळ्यांकडे बारकाईने बघितलं. ज्यांना नळी नव्हती त्यांचं काहीच वाईट झालं नाही. उलट ते कमी दुखणं घेऊन लवकर घरी गेले. तू हे आनंदाने सांगत होतीस. बाबा चमच्याने सूप ढवळत राहिले आणि म्हणाले, नळी म्हणजे पहारेकरी असतो, चोर रोज येत नाही म्हणून कुणी पहारा काढत नाही. तू म्हणालीस, तुमचा पहारेकरी झोपतो बाबा, नळी गुठळीने बुजते, पिशवी कोरडी दिसते आणि त्या भरवशावर आपणही झोपतो. ते तुझं वाक्य मला आवडलं होतं. मग बाबा म्हणाले, अजून तुझ्या हातून कुणी गेलेलं नाही म्हणून हे बोलतेस. ह्यावर तू ताटावरून उठलीस. उरलेली सुट्टी तुम्ही दोघांनी एकमेकांना मीठ देण्याघेण्यापुरतं बोलून काढलीत आणि तू ठरल्यापेक्षा आधी निघालीस.

जाताना तू तुझ्या अभ्यासाचे छापील कागद टेबलावर ठेवून गेलीस. वाचा किंवा नका वाचू, असं दारातून म्हणालीस. बाबांनी ते वाचले, भिंगरी. एकदा नाही, बरेच दिवस वाचत होते. सकाळी चहा झाला की खुर्ची उजेडाकडे ओढायची, पेन्सिल घ्यायची आणि बसायचं. मी काही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्यांनी कागद बाजूला ठेवले असते. एकदा मी भाजी निवडत होते तर आपणहून म्हणाले, कुणाला नळी ठेवायची ते हिने चिठ्ठ्या टाकून ठरवलंय, म्हणजे सोपे सोपे पेशंट आपल्या बाजूला घेतलेले नाहीत. मी म्हटलं, तुमची मुलगी लबाडी करेल असं वाटलं होतं का. तर म्हणाले, माझी मुलगी आहे म्हणूनच जास्त तपासतोय. आणखी एकदा म्हणाले, हिचं लिहिणं स्वच्छ आहे. एवढंच. तुला फोन करून हे सांगा असं मी सुचवलं, तेव्हा त्यांनी थंडीचा विषय काढला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शिडीदादा घरी आला. उद्या किती वाजता यायचं, उपाशी कधीपासून राहायचं, भूल देणारी डॉक्टर कोण, हे सगळं बोलून झालं. मग तो जरा घुटमळला आणि म्हणाला, सर, नळी आपण नेहमीप्रमाणे ठेवूच. बाबांनी विचारलं, तू तुझ्या पेशंटना ठेवतोस का. बिचाऱ्याची पंचाईत झाली. खोटं बोलावं तर सर ओळखणार, खरं बोलावं तर सरांना लागणार. शेवटी म्हणाला, हल्ली नाही ठेवत सर, आत काही शंका वाटली तरच. बाबा म्हणाले, मग मला काय सोनं लागलंय. आत बघ, जागा ओली वाटली, कुठे शंका आली तर ठेव. नाही आली तर नको. माझ्या मुलीने हे मोजून बघितलंय. शिडीदादा माझ्याकडे बघायला लागला आणि मी त्याच्याकडे. इतक्या वर्षांत बाबांच्या तोंडून नळी नको हे शब्द आम्ही दोघांनीही ऐकलेले नव्हते. तो गेल्यावर मी म्हटलं, अहो, हे तिला कळलं तर किती बरं वाटेल. तर म्हणाले, आत्ता सांगू नकोस, डोक्यावर मिऱ्या वाटेल. मी बरा होऊन तिच्यासमोर बसेन आणि शर्ट वर करून दाखवेन. चार छिद्रं आणि नळी नाही. तेव्हा तिचं तोंड बघायचंय मला. तुला चकित करायचं म्हणून त्यांनी हे मनात जपून ठेवलं होतं. म्हणून मी गप्प राहिले.

ऑपरेशन छान झालं. मी आणि आत्या बाहेरच्या बाकावर बसलो होतो. समोर पाण्याचं यंत्र होतं, त्यातून दर थोड्या वेळाने बुडबुडा वर यायचा आणि आत्या दर वेळी दचकायची. शिडीदादा टोपी काढत बाहेर आला तेव्हा चेहऱ्यावरूनच कळलं. म्हणाला, काकू, पुस्तकातल्या चित्रासारखं झालं, रक्त नाही, काही नाही, जागा कोरडी होती, नळी ठेवायचं कारणच नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाबा घरी आले. आल्या आल्या आरशासमोर उभे राहून त्यांनी चारही पट्ट्या बघितल्या. तुला फोन केला तो त्याच दिवशी. सगळं झक्क झालं असं मी म्हणाले, आणि ते खरंच होतं.

त्याच्या पुढचं तुला मी सांगितलेलं नाही. घरी येऊन दोनेक दिवस झाले असतील. मी दुपारी दुकानातून जेवायला आले तर पेपर दाराबाहेर घडी न मोडता पडलेला. बाबा पलंगावर होते, उजव्या खांद्यावर हात ठेवून. पोट नाही, खांदा. म्हणाले, ऑपरेशनच्या वेळी पोटात सोडलेला गॅस आहे, त्याने खांद्यात दुखतंच, सगळ्यांना दुखतं. मी कपाळाला हात लावला, कणकण होती. सूप आणलं तर दोन घोट घेऊन वाटी परत दिली. मी पलंगाच्या कडेला बसले आणि विचारलं, हा पेशंट म्हणून बोलताय की डॉक्टर म्हणून. तेव्हा ते छताकडे बघत म्हणाले, डॉक्टर म्हणून सांगायचं तर शिडीला बोलाव. त्यांना कळलेलं होतं, भिंगरी. मला वाटतं सकाळपासूनच कळलेलं होतं.

सोनोग्राफीत यकृताखाली पाणी साठलेलं दिसलं. पाणी म्हणजे पित्त. शिडीदादाने मला कागदावर चित्र काढून दाखवलं. पित्ताशयाच्या वाहिनीवर लावलेली क्लिप जागच्या जागी होती. पित्ताशय यकृताला जिथे चिकटलेलं असतं तिथे काही लोकांना एखादी केसासारखी बारीक वाहिनी असते, ती ऑपरेशनच्या वेळी दिसत नाही, आणि तिच्यातून मागाहून झिरपायला लागलं होतं. कुणाची चूक नव्हती. हे तो मला सांगत होता, पण स्वतःला मात्र ते सांगू शकत नव्हता. मग सोनोग्राफीत बघत बघत सुईने वाट काढून बाबांच्या उजव्या कुशीतून एक नळी आत घातली. दुसऱ्या दिवशी मोठ्या हॉस्पिटलात नेऊन तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेत छोटा स्टेंट बसवला, म्हणजे पित्ताला आतड्याकडे जायला सोपी वाट मिळाली आणि झिरपायचं थांबलं. ताप उतरला. वाईट दिवस म्हणायचे तर तेवढेच. पण त्या दिवसांत मी फार घाबरले होते हे तुझ्यापासून लपवून काय करू. बाबांचा चेहरा फिक्या काचेसारखा झाला होता आणि आत्या कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी राहायची.

नळी कुशीत घेऊन बाबा बरेच दिवस होते. पिशवी कमरेला बांधलेली. तिच्यात ते हिरवट पिवळं पित्त. पहिल्याच दिवशी ते कूस बदलायला गेले आणि कळवळून जागच्या जागी थांबले. मी म्हटलं, काय झालं, तर म्हणाले, काही नाही, आयुष्यभर पेशंटना सांगत आलो की हिने दुखत नाही, नुसती जाणवते. मग थोड्या वेळाने म्हणाले, दुखते. राउंडला आलेल्या सिस्टरने, तीही बाबांच्याच काळातली, नळीची पट्टी सैल करून दिली आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, नुसती जाणवतेय ना सर. बाबा हसले, आणि हसल्यावर पुन्हा दुखलं. आत्याचं मात्र वेगळंच चाललं होतं. तिचं म्हणणं, जगाला लावलीस आणि स्वतःच्या वेळेला नको म्हणालास, कुणाच्या सांगण्यावरून रे. तिला कुणाच्या ते ठाऊक होतं. बाबा तिला म्हणाले, तू गप्प बस. त्यांनी आत्याला असं बोलताना मी फारसं ऐकलेलं नाही.

शिडीदादा रोज दोनदा यायचा. एका संध्याकाळी येऊन बसला, खुर्चीच्या टोकावरच, आणि म्हणाला, सर, मी ठरवलंय, उद्यापासून सगळ्यांना नळी. बाबांनी त्याला पाण्याचा ग्लास मागितला, पाणी प्यायले आणि विचारलं, का. तो म्हणाला, तुमच्यासारखं पुन्हा कुणाला होऊ नये म्हणून. बाबा म्हणाले, तू मला नळी ठेवली असतीस तर ही वाहिनी झिरपायची थांबली असती का. तो म्हणाला, नाही. बाबा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी कोरडी दिसली म्हणून तू नळी काढून मला घरी पाठवलं असतंस की नाही. तो म्हणाला, बहुतेक हो. बाबा म्हणाले, मग मला काय मिळालं असतं, एक दिवस जास्त दुखणं. आणि समजा नळीत दिसलं असतं, तर एक दिवस आधी कळलं असतं. तो एक दिवस मिळावा म्हणून तू ज्यांना काहीच होणार नाही अशा इतक्या सगळ्या लोकांच्या कुशीत नळी ठेवणार. शिडीदादाने रिकामा ग्लास उचलून टेबलावर ठेवला. बाबा म्हणाले, पेशंट घरी जाताना त्याला नीट सांग, ताप आला, खांदा दुखला, जेवण जाईना, तर लगेच ये. मी आलो नाही. गॅस आहे म्हणत पडून राहिलो. ते माझं चुकलं, तुझं नाही. आणि जिथे शंका येईल तिथे जरूर ठेव, बघून ठेव, भीतीने ठेवू नकोस.

तो गेल्यावर बाबांनी मला एक गोष्ट सांगितली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मला ती माहीत नव्हती. तू जन्मायच्या आधीची, ते नुकतेच सर्जन झाले होते तेव्हाची. तेव्हा दुर्बिणी नव्हत्या, पोट उघडूनच ऑपरेशन व्हायचं. एक बेकरीवाला होता, बाबांच्याच वयाचा, हाताला कायम पिठाचा वास. ऑपरेशन चांगलं झालं, बाबांना वाटलं नळीची गरज नाही, त्यांच्या वरिष्ठांनाही तसंच वाटलं. बेकरीवाला वॉर्डात फिरायचा, सिस्टरना पाव आणून द्यायचं कबूल करायचा. मग त्याचं पोट फुगायला लागलं. तेव्हा सोनोग्राफी नव्हती, सुईने काढायची सोय नव्हती, कळेपर्यंत उशीर झाला. तो गेला. त्याच्या बायकोने बाबांना विचारलं, आत काय होत होतं ते तुम्हाला दिसत नव्हतं का. बाबा म्हणाले, त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी पुढच्या प्रत्येकाला नळी ठेवली. तेव्हाच्या काळात ते चूक नव्हतं, आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. पण पुढे सोनोग्राफी आली, दुर्बिणी आल्या, सुया आल्या, स्टेंट आले, आणि मी मात्र प्रत्येक टेबलावर त्या बेकरीवाल्याचंच ऑपरेशन करत राहिलो. हे मला भिंगरीचे कागद वाचताना कळलं. हे ते अगदी साध्या आवाजात म्हणाले. मी उठून त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं, दुसरं काय करणार.

नळी निघाली, आम्ही घरी आलो. स्टेंटही नंतर काढला. तुला काही कळवायचं नाही, असं बाबांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. तुमच्याकडच्या सगळ्या हॉस्पिटलांच्या सर्जनांची सभा आहे, तिथे तू तुझा अभ्यास मांडणार आहेस, आणि त्यानंतर तिथे नेहमीची नळी बंद करायची की नाही ते ठरणार आहे, हे त्यांना शिडीदादाकडून कळलं होतं. आधी तिचं होऊ दे, मग सांगू, असं ते म्हणत होते. मलाही ते पटलं होतं.

पण काल शिडीदादा आला आणि त्याने सांगितलं की सभेतून तू आपलं नाव मागे घेतलंस. आणि गेले काही दिवस तू तुझ्या प्रत्येक पेशंटला नळी ठेवते आहेस, अगदी सरळ सोप्या पेशंटलासुद्धा. त्याला तुझ्याच हॉस्पिटलातल्या कुणीतरी काळजीने फोन केला होता. तुला कुणी काय सांगितलं हे मला लगेच कळलं. मी आत्याला फोन लावला. ती आधी इकडचं तिकडचं बोलली आणि मग रडायला लागली. म्हणाली, मला राहवलं नाही, मी तिला म्हटलं की तुझ्या अभ्यासापायी माझा भाऊ जाता जाता वाचला. तिच्यावर रागावू नकोस. ती घाबरलेली होती, आणि घाबरलेलं माणूस हाताशी येईल त्याला बोल लावतं. पण म्हणजे इतके दिवस तू सगळं माहीत असून मला थंडी विचारत होतीस, आणि मी तुला थंडी सांगत होते. किती दिवस एकटी हे घेऊन बसली आहेस, पोरी.

बाबांनी हे ऐकलं तेव्हा त्यांच्या हातातला कप तसाच राहिला. काल दिवसभर ते तुला पत्र लिहायला बसत होते. दोन ओळी लिहायचे, उठायचे, फेऱ्या मारायचे. पेशंटचे कागद लिहायची सवय, मुलीला लिहायची नाही. शेवटी मला म्हणाले, तूच लिही, पण हे नक्की लिही. म्हणून लिहिते आहे, त्यांच्याच शब्दांत. नळी नको हे मी म्हणालो. तिने मला सांगितलं नव्हतं, मी तिचे कागद वाचून, तपासून, माझ्या अकलेने ठरवलं, आणि पुन्हा ऑपरेशन झालं तर पुन्हा हेच ठरवेन. तिच्या अभ्यासातही कुणालाच काही होणार नाही असं लिहिलेलं नाही. थोड्यांना होतं, नळी असो वा नसो, असंच लिहिलंय. त्या थोड्यांत मी निघालो, एवढंच. मी एका माणसापायी सगळी नोकरी नळी घेऊन काढली. तिने तिची नोकरी माझ्यापायी तशी काढायची नाही.

तेव्हा ऐक. शिडीदादाने सभा भरवणाऱ्यांशी बोलून घेतलंय, तुझं नाव अजून यादीवरून काढलेलं नाही, तू फक्त हो म्हणायचंस. आमची गाडीची तिकिटं काढून झालीत. बाबांना डॉक्टरने प्रवासाला परवानगी दिली आहे, तेही खऱ्या डॉक्टरने, त्यांनी स्वतः नव्हे. सभेच्या आदल्या दिवशी आम्ही तुझ्याकडे पोचतो. चार छिद्रांचं जे दाखवायचं होतं ते आता पाच छिद्रांचं झालंय, पण शर्ट वर करून ते दाखवणारच आहेत, तेव्हा मनाची तयारी ठेव. सभेत तू तुझं नेहमीसारखं, स्वच्छ, सांगून टाक. शेवटी कुणीतरी हात वर करून विचारेलच, की हे सगळं ठीक आहे, पण ज्या एखाद्याचं पित्त खरंच झिरपतं, त्याला काय सांगणार तुम्ही. तू उत्तर द्यायची घाई करू नकोस. तो माणूस शेवटच्या रांगेत बसलेला असेल, आणि त्याला स्वतःलाच उठून बोलायचंय.

वाट बघते आहे,
तुझीच
आई